गंभीर तक्रार नाही

"शंभर वर्षांत एकही गंभीर तक्रार नाही, असं एक वाक्य कुठंतरी घाला, सर," अध्यक्ष म्हणाले, आणि टेबलाभोवतीच्या सहाही माना एकाच दोरीला बांधल्यासारख्या डोलल्या. स्मरणिका समितीच्या या अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. कडू ते गोड थराखाली दडवायचं, ही त्यांची धंद्याची सवय. आमच्या स्टेशनला शंभर वर्षं पुरी होत होती, स्मरणिका निघायची होती, आणि मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, शिवाय माझ्या वडिलांनी सगळी नोकरी याच स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढलेली, म्हणून स्टेशनचा इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात आलेलं. "पुरावा काय?" मी विचारलं. "पुरावा कशाला? तक्रार असती तर कळली नसती का आपल्याला?" हा आमच्या शहराचा इतिहासविषयक सिद्धांत. आम्हाला कळलं नाही ते झालंच नाही. मी म्हटलं, तक्रारवह्या कुठंतरी असतील, त्या बघितल्याशिवाय हे वाक्य मी लिहिणार नाही. माझ्या सत्यप्रेमाबद्दल अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. सत्यप्रेम कसलं डोंबलाचं. मला फक्त ते वाक्य मोडायचं होतं. एखाद्याच्या डब्यात मेलेला उंदीर निघाल्याची तक्रार जरी सापडली असती तरी माझं समाधान झालं असतं.

या शहराला स्टेशन मिळालं तेच मुळात चुकून. मुख्य मार्ग नदीच्या पलीकडून जायचा होता, तो तसाच गेला. पण दगडाच्या खाणीसाठी एक फाटा टाकावा लागला आणि त्या फाट्याच्या टोकाला आम्ही होतो. दगड वीस वर्षांत संपले, फाटा राहिला. मग या लोकांनी वर्गणी काढून स्टेशनला दर्शनी भिंत बांधली. पाच कमानी, मधे घड्याळ, दोन बाजूंना दगडी कळस. समोरून बघणाऱ्याला वाटावं मागे केवढं स्टेशन असेल. मागे चार खोल्या, एक नळ आणि एक फलाट. शहरातल्या माणसांचंही तसंच आहे. एकदा म्हणे एक फार मोठा माणूस इथं उतरला होता. त्याच्या पायाला लागलेली माती कुणीतरी डबीत घालून ठेवली आहे, ती डबी मी तीन वेगवेगळ्या घरांत बघितली. खरं म्हणजे तो उतरलाच नव्हता. त्या दिवशीच्या नोंदवहीत साफ लिहिलंय, गाडी अकरा मिनिटं थांबली, पाहुणे झोपेत होते. त्या अकरा मिनिटांवर हे शहर साठ वर्षं जगलं. माझं अख्खं लहानपण त्या फलाटाला लागून असलेल्या रेल्वेच्या दोन खोल्यांत गेलं, त्यामुळे हे सगळं मी फार जवळून बघितलंय. लोकांना स्टेशन म्हटलं की दूरदूरचे प्रदेश आठवतात. मला आठवतात पार्सल ऑफिसातल्या ओल्या गोणपाटांचा वास, आणि गाडी आली की उगाच सावरून उभे राहणारे वडील, जणू गाडी त्यांनाच भेटायला आलीय.

हल्लीचे स्टेशनमास्तर भले गृहस्थ आहेत, म्हणजे त्यांना काही नको असतं. त्यांनी दिवे-कंदिलांच्या जुन्या खोलीचं कुलूप काढून दिलं आणि नाकाला रुमाल लावून ते निघून गेले. वह्या गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. तीन दिवस सकाळी दहा ते दोन मी तिथं बसलो, आणि कबूल करतो, फार दिवसांनी मला मजा आली. एका वकिलांनी सलग सहा वर्षं तक्रार केली होती, की प्रतीक्षागृहातल्या आरशात चेहरा आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. एका बाईंना तिकीट देणारा कारकून हसला होता, आणि दुसऱ्या बाईंना तो हसला नव्हता. एक निवृत्त न्यायाधीश लिहितात, 'शिट्टी अनावश्यक मोठी.' प्रत्येकाखाली स्टेशनमास्तरचं लाल शाईतलं उत्तर, 'चौकशी केली. तथ्य आढळले नाही.' आरसा बघितला, तथ्य आढळले नाही. मी एकटाच हसत होतो. शंभर वर्षांत या शहराला जगाकडून काय हवं होतं, तर अरुंद चेहरा आणि हळू शिट्टी. मनातल्या मनात मी एक प्रकरणच लिहून काढलं, अध्यक्षांचा रक्तदाब वाढेल असं. आणि तिसऱ्या दिवशी, बाराच्या सुमाराला, सातव्या वहीचं पान उलटलं तर पुढच्या पानावर सरळ, टाके घातल्यासारखं अक्षर होतं.

'आज नऊ चाळीसची पॅसेंजर नऊ अडतीसला सोडण्यात आली. माझे घड्याळ मी आज सकाळीच टपाल कचेरीच्या घड्याळाशी जुळवले होते. माझा आठ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर नळावर पाणी प्यायला गेला होता. तो फलाटावर राहिला. त्याचे तिकीट माझ्याजवळ आहे. साखळी ओढली, ती तुटकी होती. पुढच्या स्टेशनावर उतरून पायी परत आले. मुलगा घरी नाही. गाडी वेळेआधी सोडली असे मला लेखी द्यावे.' खाली सही आणि परगावचा पत्ता. लाल शाईत, 'चौकशी केली. गाडी वेळेवर सुटली. पार्सल कारकून यांची साक्ष घेतली. तथ्य आढळले नाही.'

सही माझ्या आईच्या नावाची होती. तिचं अक्षर मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात तिचं काहीच ठेवलेलं नव्हतं, फोटो नाही, कंगवा नाही. ती गेली एवढंच होतं. आत्या सांगायची, "गाडीत बसली आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही बाईनं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते माझंच झालं होतं. परगावच्या मुलींच्या शाळेत तिला शिवणशिक्षिकेची नोकरी लागली, आणि नोकरीसाठी तिनं पोटचं पोर टाकलं. वर्गात एखादा विद्यार्थी आईचं आजारपण सांगून सुट्टी मागायला आला की माझ्या ओठाची एक कड आपोआप खाली जायची. विद्यार्थी घाबरायचे त्या कडेला. बायको म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा ती कड तशीच आहे. आणि आता हे पान. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? राग. तिचा नाही, वडिलांचा नाही. ही बाई माझं पन्नास वर्षांचं सुरळीत लिहिलेलं प्रकरण चुकीचं ठरवत होती, त्याचा राग. मी रुमालानं हात पुसले आणि पुढची पानं उलटली. पुढच्या महिन्यात तेच अक्षर. 'आज मुलाला भेटण्यास आले. त्याच्या वडिलांनी भेट नाकारली. माझा मुलगा या स्टेशनच्या आवारात आहे, म्हणून ही तक्रार याच वहीत लिहीत आहे.' उत्तर, 'रेल्वेच्या कामकाजाशी संबंध नाही.' त्याच्या पुढच्या महिन्यात परत. पुढं परत. दोन वर्षांत अकरा नोंदी. कुठं विनवणी नाही, अश्रू नाहीत, शिव्या नाहीत. तारीख, वेळ, काय झालं. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवत आलो, की नोंद अशी करावी. शेवटची नोंद मुलाबद्दल नव्हतीच. 'प्रतीक्षागृहातला दिवा लागत नाही. आज साडेचार तास अंधारात बसले. कोणी आले नाही.' त्याच्यापुढं लाल शाईत, 'दिवा बदलला.' अकरा तक्रारींतली ही एकच स्टेशनला खरी वाटली.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. वडील खिडकीशी आरामखुर्चीत बसून मोसंब्याच्या फोडींवरच्या शिरा काढत होते. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. फळ खाण्यापेक्षा सोलण्यात त्यांना जास्त रस. एकेक पांढरी शीर नखानं ओढून बशीच्या कडेला ओळीनं लावायची. मी समोर उभा राहिलो. "बाबा, आई परत आली होती?"

"कुणाची?"

"माझी."

"आली होती की." त्यांनी आणखी एक शीर ओढली. "दहाबारा वेळा आली असेल."

"अकरा वेळा. मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तू कधी विचारलंस?"

हे उत्तर बिनचूक होतं, म्हणून मला अधिकच चीड आली. मी विचारलं, गाडी दोन मिनिटं आधी सोडली होती का? ते थोडं हसले. चोरी पकडली गेल्याचं नव्हतं ते हसू. कुणीतरी शेवटी आपल्या हुशारीची चौकशी केली, असं होतं. "गार्ड माझा दोस्त. त्याला म्हटलं, पोराला नळावर नेतो, तू हो पुढं. साखळी तर त्या डब्याची वर्षभर तुटकीच होती, ती काही मी तोडली नाही." फोड तोंडात टाकली, सावकाश चावली. "नोकरी तिनं ठरवली, तिकिटं तिनं काढली, मला फक्त कळवलं. वर म्हणाली, ट्रंक जड आहे, फलाटापर्यंत उचला. मी उचलली. पुढं बायको, मागं ट्रंक घेतलेला नवरा, आणि हमाल, पोर्टर, चहावाला, अख्खं स्टेशन दात काढत बघतंय. सत्तावीस वर्षं त्या स्टेशनची ओझी वाहिली मी पुढं. बदल्यात काय मागितलं? दोन मिनिटं."

"तुम्ही खोटी साक्ष दिलीत."

"मग काय खरी देऊ? आणि तुला काय कुणी बांधून ठेवलं नव्हतं," ते म्हणाले, आता माझ्याकडं न बघता. "ती यायची तेव्हा समोरच्या बाकावर बसायची. तू खिडकीत उभा असायचास. सुरुवातीला मी म्हणायचो नाही भेटायचं. पण पुढं पुढं मीच विचारायचो, जायचंय? तू पडदा ओढायचास."

"मी आठ वर्षांचा होतो."

"मी कुठं म्हणतो नव्हतास?"

म्हातारा खोटं बोलत असेल. एकदा खोटी साक्ष दिलेल्या माणसाची दुसरी साक्ष कुणी ग्राह्य धरावी? मी माझ्या खोलीत येऊन दार लावलं आणि शांतपणे, पुराव्याची छाननी करावी तसं, आठवायला बसलो. नळावरचं पाणी आठवत नाही. गाडी सुटलेली आठवत नाही. त्यानंतर मला मालगाडीनं आत्याच्या गावी पाठवलं होतं ते मात्र लख्ख आठवतं. गार्डच्या डब्यात बसून गेलो होतो, गार्डकाकांनी त्यांचं हिरवं निशाण हातात दिलं होतं, आणि तो सबंध महिना मी आयुष्यात कधी नव्हतो इतका आनंदात होतो. या आठवणीची मला पहिल्यांदाच किळस आली. तोच गार्ड. तेच निशाण. आणि मग, न बोलावता, दुसरं एक चित्र वर आलं. खिडकीचा गज, त्याला मी ओठ लावलेत, गंजाची चव. समोरच्या बाकावर एक बाई. मांडीवर कापडी पिशवी. ती एका पायातली चप्पल काढते, उलटी करून खडा झटकते, परत घालते, आणि मान वर करून सरळ खिडकीकडं बघते. हे चित्र पन्नास वर्षं माझ्याकडं होतं. अधूनमधून दिसायचं, आजारपणात, परीक्षेच्या पर्यवेक्षणात रिकामं उभं असताना. मी समजत होतो, कुणीतरी प्रवासी. फलाटावर शेकडो बायका बसतात. आठवण राहायला काही कारण लागतं असं थोडंच आहे? मान वर केल्यावर तिचा चेहरा कसा दिसला ते मात्र चित्रात नव्हतं, कारण तिथं पडदा होता. पडद्यावर निळ्या बारीक चौकडी होत्या. इतक्या जवळून चौकडी दिसते ती ओढणाऱ्यालाच.

बायकोला मी दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकून घेतलं, घड्या थांबवल्या नाहीत. "पत्ता आहे ना? मग जाऊन या."

"पन्नास वर्षांपूर्वीचा पत्ता आहे. ती असेल का, आणि असली तरी—"

"इतिहासाचे प्राध्यापक ना तुम्ही? शोधा." मग उशीचा अभ्रा झटकत म्हणाली, "अख्ख्या गावाला नावं ठेवून झाली तुमची. आता तिथं जा आणि काय ठेवायचं ते ठेवा."

आधी मी समितीपुढं गेलो. स्टेशनच्या इतिहासात एक प्रकरण घातलं होतं, अकराही नोंदी जशाच्या तशा, खाली लाल शाईची उत्तरं. अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला. "सर, दुःखद आहे. पण घरगुती आहे हो." मी म्हटलं, गाडी वेळेआधी सोडणं घरगुती नाही. "दोन मिनिटंच तर," ते म्हणाले, आणि सहा माना डोलल्या. वडिलांचं वाक्य एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना माझ्या लक्षात आलं, की हे त्यांचं वाक्य नव्हतंच. शहराचंच होतं, त्यांनी फक्त वापरलं. मी कागद गोळा केले आणि उठलो. पुढं स्मरणिका निघाली, एका शाळामास्तरांनी लिहिली. मुखपृष्ठावर पाच कमानी आहेत, आणि चौथ्या पानावर ते वाक्य आहे.

परगाव म्हणजे साडेतीन तासांचा प्रवास. सकाळी सुटणारी गाडी एकदाच थांबते, मधे बदलावी लागत नाही, उतरल्यावर दहा मिनिटं चाललं की ती गल्ली. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. थोडं कठीण असतं तर बरं झालं असतं. तळमजल्यावर पुस्तकबांधणीचं दुकान होतं, खळीचा आंबट वास येत होता. "शिवणाच्या बाई?" दुकानदार सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "वरच. मोठ्यानं हाक मारा, नाहीतर ओरडतील." जिना अरुंद, कठडा हलणारा. भिंतीला चुना किती वर्षांत लागला नव्हता. मी नाक मुरडलं, आणि दार उघडं होतं.

खुर्चीत बसून ती एका परकराची कड उसवत होती. सत्त्याहत्तर वर्षांची, बारीक, पाठ ताठ. मी कोण ते सांगितलं. तिनं कात्री बाजूला ठेवली नाही. वाकड्या शिवणीकडं बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं, कुठून उसवायला घ्यावं याचा अंदाज घेत. "बस," म्हणाली. "आल्यापासून दोनदा नाक मुरडलंस. ते माझ्याकडून गेलंय तुला. बाकी सगळा त्यांच्यावर दिसतोस."

मी बसलो. पिशवीतून फाईल काढली. अकरा नोंदींच्या प्रती तारीखवार लावून, वर सूची जोडून आणल्या होत्या. तिच्यापुढं धरल्या. आता कळतं की ते हास्यास्पद होतं. पण मला वाटत होतं, एवढा भक्कम पुरावा हातात असताना बोलावं लागणार नाही. तिनं घेतल्या नाहीत. "माझ्याच आहेत. मला पाठ आहेत," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मला कुणी सांगितलं नाही. मी आठ वर्षांचा होतो."

"आठ वर्षांच्या पोराला कोण दोष देतंय? पडदा ओढलास तेव्हासुद्धा मी म्हटलं, लहान आहे, शिकवलंय कुणीतरी." तिनं दोऱ्याचा तुकडा चिमटीत धरून ओढला. "पण मग तू अठरा वर्षांचा झालास. अठ्ठावीसचा झालास. अठ्ठेचाळीसचा झालास. तेव्हा काय गाड्या बंद होत्या?"

कॉलेजात हजरजबाबी म्हणून माझी ख्याती होती. विद्यार्थी माझे टोमणे वहीत लिहून घ्यायचे. त्या खोलीत मी फाईल मिटून परत पिशवीत घातली. रोज सकाळी ती गाडी सुटत होती. मी फलाटावर उभा राहून तिला नावं ठेवली होती, डब्यांना, प्रवाशांना, वेळापत्रकाला. तिच्यात बसावं असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मागं वळून न बघणारी आई मला सोयीची होती. तिच्यावर उभं राहिलं की बाकी सगळे बुटके दिसायचे. खाली दुकानात कुणीतरी कागद कापत होतं, एकसारखा घस्सघस्स आवाज येत होता. मला वाटलं ती रडेल, किंवा मी तरी. पण ती परकराची कड उसवत राहिली, आणि मी तिच्या बोटांकडं बघत राहिलो. नखं आखूड कापलेली, तर्जनीवर सुईच्या टोचण्यांनी झालेला कडक घट्टा.

"ते आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत."

"असू देत."

चार वाजून गेले असावेत. परतीची गाडी पाच दहाला होती आणि ते तिला माहीत असणारच, पण तिनं परकराची दुसरी बाजू उसवायला घेतली आणि मी बसून राहिलो. वारा सुटला तसं रस्त्याकडच्या खिडकीचं दार आपटू लागलं. ती म्हणाली, "ऊठ, ते दार लागत नाही नीट. बघ काही जमतंय का." मी उठलो. आयुष्यात मी खिळा ठोकलेला नाही. अशी कामं करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं. दार फुगलं होतं, वरची बिजागरी सैल झाली होती. मी दोन्ही हात लावून जोर केला. दार चौकटीत बसलं नाही, फक्त रंगाचा एक पोपडा सुटून माझ्या बाहीवर पडला. पुन्हा जोर केला, खांदा लावून. पाठीमागे कात्रीचा आवाज थांबला होता, म्हणजे ती बघत होती. मला घाम फुटला. इतकं लाजिरवाणं काम मी कुणासमोर कधी केलं नव्हतं, आणि सोडून खाली बसावं असंही वाटत नव्हतं.

"राहू दे आता," ती म्हणाली. "जोर लावायची सवय नाही तुला. खाली बांधणीवाल्याकडं पेचकस आहे, तो मागून आणायचा." मग कात्री पुन्हा चालू झाली. "उद्या सकाळी बघ, उजेडात."